सर बार्टल फ्रियर : कालवे, रेल्वे आणि एक लादलेले युद्ध

प्रास्ताविक

मुंबईच्या हुतात्मा चौकातील फ्लोरा फाउंटन हे कारंजे, कराचीतील फ्रियर हॉल, केनियात मोम्बासाजवळ असलेली फ्रियरटाउन ही वस्ती आणि लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी उभा असलेला एक पुतळा, या चार गोष्टींचा संबंध एकाच माणसाशी आहे. त्याचे नाव सर हेन्री बार्टल एडवर्ड फ्रियर (१८१५–१८८४). मुंबईच्या कारंज्याला आधी त्याचेच नाव द्यायचे ठरले होते.

आपल्या पाठ्यपुस्तकांत फ्रियरला जेमतेम एक ओळ मिळते : मुंबईचा गव्हर्नर, १८६२ ते १८६७, याच्या काळात किल्ल्याचे तट पाडले गेले. दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासात मात्र त्याचे नाव १८७९ च्या झुलू युद्धाशी कायमचे जोडले गेले आहे. भारतातील त्याचा लौकिक लोकांचे ऐकून घेणारा, भाषा शिकणारा आणि बांधकामांना पाठबळ देणारा अधिकारी असा होता. त्याच माणसाने आफ्रिकेत एका स्वतंत्र राज्यावर, लंडनच्या सरकारची इच्छा नसताना, युद्ध लादले. असे का झाले असावे, हा या टिपणाचा मुख्य प्रश्न आहे. उत्तर शोधताना फ्रियरच्या स्वभावापेक्षा त्याच्या पदांकडे अधिक लक्ष देऊ. प्रत्येक पदाबाबत तीन गोष्टी विचारायच्या : त्याच्या हाती सत्ता किती होती? त्याच्यापर्यंत माहिती कोणत्या मार्गाने पोहोचत होती? आणि त्याला ‘नाही’ म्हणू शकणारे कोण होते?

कालपट

१८१५ – वेल्समध्ये जन्म
१८३४ – मुंबईत आगमन, मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत प्रवेश
१८४८–४९ – सातारा संस्थान खालसा
१८५०–५९ – सिंधचा कमिशनर
१८५९–६२ – कलकत्त्यात गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सदस्य
१८६२–६७ – मुंबईचा गव्हर्नर
१८७२–७३ – झांझिबारची मोहीम
१८७७–८० – केप वसाहतीचा गव्हर्नर व दक्षिण आफ्रिकेचा हायकमिशनर
१८८४ – मृत्यू

१. गव्हर्नर म्हणजे नेमके कोण?

पुढचे समजण्यासाठी पदांची उतरंड आधी लक्षात घेऊ. १८५८ पर्यंत हिंदुस्थानचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे होता. त्यानंतर तो ब्रिटिश राजसत्तेकडे गेला आणि लंडनमध्ये भारतमंत्री हे मंत्रिमंडळातील पद निर्माण झाले. कलकत्त्यात गव्हर्नर जनरल (१८५८ नंतर व्हाइसरॉयही) आणि त्याच्या हाताखाली इलाख्यांचे गव्हर्नर अशी रचना होती. मुंबई आणि मद्रास येथील गव्हर्नरांचा मान मोठा होता. त्यांना स्वतःचे कौन्सिल होते आणि थेट लंडनशी पत्रव्यवहार करण्याची मुभा होती. पैशाच्या बाबतीत मात्र दोर कलकत्त्याच्या हातात होता. मोठ्या खर्चाला वरून मंजुरी लागे.

कमिशनरचे पद वेगळे. सिंधसारख्या नव्याने जिंकलेल्या मुलखात कमिशनर हाच मुलकी कारभाराचा प्रमुख असे आणि जवळपास त्याला अडवणारे कोणी नसे. हायकमिशनर हे पद आणखी निराळे. केप वसाहतीत १८७२ पासून निवडून आलेल्या विधिमंडळाला जबाबदार असलेले मंत्रिमंडळ होते, त्यामुळे गव्हर्नर म्हणून हात बांधलेले. पण हायकमिशनर म्हणून सरहद्दीपलीकडच्या राज्यांशी व्यवहार करण्याचे अधिकार त्याच माणसाकडे. हा दुहेरी अधिकार पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

२. घडण : ओतकामाच्या गावातून पुण्यापर्यंत

फ्रियरचा जन्म २९ मार्च १८१५ रोजी वेल्समधील क्लिडाख येथे झाला. वडील एडवर्ड फ्रियर तिथल्या लोखंडाच्या कारखान्याचे व्यवस्थापक होते. शिक्षण बाथ येथे आणि नंतर कंपनीचे मुलकी अधिकारी तयार करणाऱ्या हेलीबरी कॉलेजात.

त्या काळी हिंदुस्थानात यायचे म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिने जहाजात काढायचे. फ्रियरने वेगळी परवानगी मागून घेतली. माल्टामध्ये काका जॉन हूकम फ्रियर राहत असत. तिथे थांबून त्याने अरबी शिकायला सुरुवात केली, मग इजिप्त ओलांडून, तांबड्या समुद्रातून उघड्या होडीतून मोखापर्यंत प्रवास केला आणि १८३४ च्या सप्टेंबरात मुंबई गाठली. सुएझ कालवा खुला व्हायला अजून ३५ वर्षे होती. हा मार्ग नंतर नेहमीचा झाला, पण तेव्हा तो धाडसाचाच होता.

१८३५ मध्ये तो पुण्यात असिस्टंट कलेक्टर झाला. पेशवाई संपून १७ वर्षे झाली होती आणि कंपनीने बसवलेला शेतसारा अनेक ठिकाणी इतका जड होता की शेतकरी जमिनी टाकून जात होते. याच सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पाहणी सुरू केली. जमिनीचा मगदूर पाहून तीस वर्षांसाठी सारा ठरवायचा, ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यात रूढ झाली. फ्रियरची उमेदवारी अशा वातावरणात झाली. गावात जाऊन, लोकांच्या भाषेत विचारून, मगच आकडा कागदावर लिहायचा, ही शिस्त त्या पिढीच्या चांगल्या अधिकाऱ्यांनी अंगी बाणवली होती.

१८४२ मध्ये तो मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांचा खाजगी सचिव झाला आणि १८४४ मध्ये त्यांची मुलगी कॅथरीन हिच्याशी त्याचे लग्न झाले.

३. सातारा : मत एक, अंमल दुसरा

यानंतर फ्रियर साताऱ्याला रेसिडेंट म्हणून आला. हे छत्रपतींच्या घराण्याचे संस्थान. १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून कंपनीने त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवले होते. एप्रिल १८४८ मध्ये आप्पासाहेब वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. हा दत्तक मान्य करायचा की संस्थान खालसा करायचे, हा प्रश्न उभा राहिला.

दत्तक मान्य करावा, असे फ्रियरचे मत होते. पण गव्हर्नर जनरल डलहौसीने ते मानले नाही. औरस वारस नाही म्हणून १८४९ मध्ये सातारा खालसा झाले. डलहौसीच्या या धोरणाचा हा पहिला मोठा बळी. पुढे नागपूर आणि झाशी त्याच वाटेने गेली.

विरोध नोंदवणाऱ्या फ्रियरने राजीनामा दिला नाही. त्याच प्रदेशाचा कारभार त्याने हाती घेतला आणि तो नीट चालवला. वसाहतीच्या नोकरशाहीचे हे वैशिष्ट्य ध्यानात ठेवा. मत मांडायला जागा असते, पण निर्णय झाल्यावर अंमलबजावणी तोच माणूस करतो. साताऱ्यात त्याला ‘नाही’ म्हणणारे वर बसले होते. ते ‘नाही’ अन्यायाच्या बाजूने होते, ही गोष्ट वेगळी. रचना मात्र तशी होती.

४. सिंध : जवळपास मोकळे रान

१८५० मध्ये फ्रियरची नेमणूक सिंधचा कमिशनर म्हणून झाली. चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकून घेतला होता. कराची तेव्हा लहानसे बंदर होते. येथील नऊ वर्षांत फ्रियरने जे केले त्यातील तीन गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट टपालाची. जुलै १८५२ मध्ये सिंधमध्ये अर्ध्या आण्याचे टपाल तिकीट निघाले. ‘सिंद डाक’ या नावाने ओळखले जाणारे हे आशियातील पहिले चिकटवायचे तिकीट. आकार गोल. सुरुवातीची तिकिटे लाल लाखेच्या चकत्यांवर उठवलेली होती, पण लाख ठिसूळ असल्याने ती सहज फुटत. मग पांढऱ्या कागदावर उठावाची आणि त्यानंतर निळ्या रंगाची तिकिटे आली. १८५४ मध्ये सबंध हिंदुस्थानासाठी तिकिटे निघाल्यावर ती बंद झाली. तिकीट म्हणजे टपालाचा खर्च आधी आणि ठरावीक दराने भरणे. त्यामुळे अंतरानुसार भाव करण्याची आणि पत्र घेणाऱ्याकडून पैसे वसूल करण्याची कटकट संपते.

दुसरी गोष्ट भाषेची. फारसीऐवजी सिंधी ही कारभाराची भाषा करावी आणि अधिकाऱ्यांनी तिची परीक्षा द्यावी, असा त्याचा आग्रह होता. पण सिंधी लिहायची कशात? देवनागरी, खुदाबादी, अरबी वळणाच्या निरनिराळ्या लिप्या असे अनेक पर्याय होते आणि अधिकाऱ्यांतच दोन तट होते. कॅप्टन स्टॅक देवनागरीच्या बाजूने, तर रिचर्ड बर्टन अरबीच्या बाजूने. कंपनीच्या संचालकांनी अरबी लिपीच्या बाजूने कौल दिला आणि १८५३ मध्ये बॅरो एलिस याच्या देखरेखीखाली ५२ अक्षरांची वर्णमाला ठरली. आज पाकिस्तानात आणि भारतातही सिंधी बहुतांशी याच लिपीत लिहिली जाते. भारतात देवनागरीतही लिहितात, म्हणजे तो वाद १७० वर्षांनंतरही पूर्ण मिटलेला नाही.

तिसरी गोष्ट पाणी आणि बंदर. सिंधमधील जुने कालवे पुरावर चालत. उन्हाळ्यात सिंधू नदी फुगली की पाणी कालव्यात शिरे, ओसरली की कालवा कोरडा. शिवाय दरवर्षी गाळ काढावा लागे. याच काळात वरच्या सिंधमध्ये जॉन जेकबने बेगारी कालवा रुंद केला आणि रोहरीजवळ नदीचे पाणी पूर्व नारा या जुन्या पात्रात सोडण्यासाठी नवा कालवा खोदण्यात आला. कराचीत बंदराची खोली वाढवण्याचे काम सुरू झाले. कराची ते कोटरी रेल्वेचे काम १८५८ मध्ये सुरू होऊन १८६१ मध्ये गाडी धावू लागली. पंजाबचा गहू आणि कापूस समुद्रापर्यंत आणण्याची ही सोय होती.

१८५७ चा उठाव झाला तेव्हा फ्रियर नुकताच इंग्लंडहून कराचीत परतला होता. मीरतची बातमी कळताच त्याने आपल्या हाताखालच्या गोऱ्या फौजेचा मोठा हिस्सा मुलतान आणि पंजाबकडे धाडला. आपला प्रांत जवळजवळ रिकामा करून शेजाऱ्याला मदत करण्याचा हा निर्णय त्याने वरून हुकूम येण्याची वाट न पाहता घेतला. सप्टेंबरात कराचीतील २१ व्या पलटणीतील कट उघडकीला आला, तेव्हा शिपायांना फाशी देण्यात आली आणि काहींना तोफेच्या तोंडी. ब्रिटिश पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी फ्रियरचे आभार मानले.

या प्रसंगातून त्याने जो धडा घेतला असेल तो उघड आहे : जागेवरच्या माणसाने वाट पाहू नये, आधी करावे आणि मग कळवावे. १८५७ मध्ये हा धडा त्याच्या सरकारला फळला. तोच धडा २१ वर्षांनी कुठे घेऊन गेला, ते पुढे पाहू.

५. कलकत्ता : एका टिपणातील महत्त्वाचा विचार

१८५९ अखेर फ्रियर गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलवर गेला. उठावाने सरकारची तिजोरी खडखडीत झाली होती. जेम्स विल्सन यांनी अर्थखाते हाती घेऊन १८६० मध्ये हिंदुस्थानातील पहिला प्राप्तिकर आणला, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते वारले. या काळात फ्रियर कॅनिंगचा जवळचा सल्लागार होता.

कौन्सिलमध्ये हिंदी लोकांना घ्यावे की नाही यावर चर्चा चालू असताना फ्रियरने १८६० मध्ये एक टिपण लिहिले. त्याचा आशय असा : कोट्यवधी लोकांसाठी आपण कायदे करतो, पण ते कायदे त्यांना मानवतात की नाही हे कळायला बंडाखेरीज आपल्यापाशी फारशी साधने नाहीत, आणि हा प्रयोग असाच चालू ठेवणे धोक्याचे आहे. १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने कौन्सिलांत बिनसरकारी सदस्य नेमण्याची तरतूद केली, त्यामागील युक्तिवादांपैकी हा एक. सदस्य नेमलेले होते, निवडून आलेले नव्हते, आणि सरकारला प्रश्न विचारण्याचाही अधिकार त्यांना नव्हता. तरी दार किलकिले झाले.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. नियंत्रण प्रणालीत फीडबॅकचा मार्ग नसेल, तर चूक कळते ती यंत्र मोडल्यावरच. फ्रियरने १८६० मध्ये राज्यकारभाराबद्दल हेच सांगितले होते. त्याच्या पुढच्या आयुष्याचे मोजमाप करायला त्याचे हे टिपण पुरेसे आहे.

६. मुंबई : तेजी, तट आणि बँक

एप्रिल १८६२ मध्ये फ्रियर मुंबईचा गव्हर्नर झाला. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन एक वर्ष झाले होते. लँकेशायरच्या गिरण्या प्रामुख्याने अमेरिकन कापसावर चालत. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवल्यावर तो कापूस बंद झाला आणि सगळ्यांच्या नजरा खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाकडे वळल्या. भाव कित्येक पटींनी चढले आणि पैसा मुंबईत धो धो येऊ लागला.

बांधकामे

या पैशाच्या बळावर शहर बदलले. जुन्या किल्ल्याचे तट पाडण्यात आले. त्यांचा लष्करी उपयोग संपला होता आणि आत माणसांची कोंडी झाली होती. मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे सरकारी इमारतींची रांग उभी राहिली. १८६३ मध्ये भोर घाटातील रेल्वेमार्ग फ्रियरच्या हस्ते सुरू झाला. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढणारा, २५ बोगदे असलेला हा मार्ग जेम्स बर्कले याच्या आराखड्यानुसार झाला आणि तो बांधताना हजारो मजूर कॉलरा, ताप आणि अपघातांनी मेले. १८६५ च्या कायद्याने मुंबई नगरपालिकेची नवी रचना होऊन आर्थर क्रॉफर्ड आयुक्त झाले, आणि सांडपाणी, बाजार, आरोग्य यांकडे पद्धतशीर लक्ष जाऊ लागले. सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नावर फ्रियरचा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याशी बरीच वर्षे पत्रव्यवहार होता.

पुण्यात १८६४ मध्ये डेक्कन कॉलेजच्या इमारतीची आणि १८६५ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीची पायाभरणी त्याच्या हस्ते झाली. हे महाविद्यालय १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करणारी शाळा म्हणून सुरू झाले होते. कालवे, रस्ते, रेल्वे वाढत होत्या, सगळे इंजिनिअर विलायतेहून आणणे परवडणारे नव्हते. या देशातील अभियांत्रिकी शिक्षणाचा उगम अशा गरजेत आहे. गणेशखिंडीतील गव्हर्नरचा बंगला, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, याच काळात सुरू झाला. त्याच्या खर्चावर बरीच टीका झाली.

१८६५–६६ च्या हिवाळ्यात फ्रियरने दक्षिणेचा दौरा केला, तेव्हा मुलगी मेरी बरोबर होती. अ‍ॅना लिबेराता डिसूझा या आयेने सांगितलेल्या गोष्टी मेरीने लिहून घेतल्या. १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने त्या प्रसिद्ध झाल्या. भारतीय लोककथांच्या इंग्रजीतील आरंभीच्या संग्रहांत याची गणना होते.

बँकेची बुडीत

आता दुसरी बाजू. आलेला पैसा कुठेतरी गुंतायला हवा होता. रोज नव्या बँका, नव्या वित्त कंपन्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघू लागल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकले गेले. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे सर्वांत मोठे नाव.

बँक ऑफ बॉम्बे ही अर्धसरकारी बँक. सरकार भागधारक होते आणि संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी होते. १८६३ च्या कायद्याने तिच्यावरची जुनी बंधने सैल झाली आणि शेअर तारण ठेवून कर्जे देणे सोपे झाले. धोका कुठे आहे पाहा. कर्ज काढून शेअर घ्यायचे, मागणी वाढली म्हणून शेअरचा भाव चढतो, चढलेल्या भावावर तोच शेअर तारण ठेवून आणखी कर्ज मिळते. भाव चढता आहे तोवर प्रत्येक खाते सुरक्षित दिसते. भाव उतरला की तारण आणि कर्जदार दोन्ही एकदम बुडतात.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले. वायद्याचे अनेक सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे करायचे होते. त्या दिवशी देणी फिटली नाहीत आणि एकामागून एक पेढ्या बसल्या. बँक ऑफ बॉम्बे काही काळ तगून राहिली, पण १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली. चौकशी आयोग बसला. हाताशी असलेली नियंत्रणाची साधने वेळेत न वापरल्याचा ठपका फ्रियरवर आला, आणि तो अगदीच अन्यायाचा नव्हता. खर्चाबाबत काटकसरी असलेल्या व्हाइसरॉय जॉन लॉरेन्सशी त्याचे आधीपासून खटके उडत होते. कलकत्त्याचा इशारा मुंबईला अडथळ्यासारखा वाटे.

शहरावर काय परिणाम झाला? १८६४ च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ वर आली. खेड्यांतही पडसाद उमटले. तीस वर्षांची मुदत संपून १८६७ च्या सुमारास पुणे जिल्ह्यात शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली, ती तेजीतले भाव डोळ्यांसमोर ठेवून. भाव उतरले, सारा चढलेला राहिला, शेतकरी सावकाराच्या दारी गेला. १८७५ मध्ये सुपे येथून पेटलेल्या दख्खनच्या दंग्यांमागे जी कारणे सांगितली जातात, त्यांत हे एक आहे. तोपर्यंत फ्रियर इंग्लंडला जाऊन आठ वर्षे झाली होती.

७. झांझिबार : गुलामगिरीविरुद्धची मोहीम

लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या कौन्सिलवर असताना १८७२ मध्ये फ्रियरला झांझिबारला पाठवण्यात आले. पूर्व आफ्रिकेतील गुलामांचा समुद्रमार्गे चालणारा व्यापार बंद करावा, असा करार सुलतान बर्गशशी करायचा होता. सुलतानाने त्याला नकार दिला. नौदलाच्या नाकेबंदीची धमकी दिल्यावर जून १८७३ मध्ये ब्रिटिश प्रतिनिधी जॉन कर्क याने सही मिळवली आणि झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला.

या कथेत आपलेही लोक आहेत. झांझिबारच्या जकातीचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता, आणि किनाऱ्यावरच्या व्यापाराला भांडवल पुरवणारे बरेचसे कच्छ-काठेवाडचे होते. दुसरीकडे, जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांपैकी काही नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनमध्ये वाढली. जेकब वेनराइट हा त्यांपैकी एक. डेव्हिड लिव्हिंगस्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता. मोम्बासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रियरटाउन वसले, तेव्हा नाशिकहून गेलेले आफ्रिकन तिथे शिक्षक आणि कारागीर झाले.

८. दक्षिण आफ्रिका : फीडबॅकचा मार्ग तुटला

१८७७ च्या मार्चअखेर फ्रियर केपटाउनला उतरला. वसाहतमंत्री लॉर्ड कार्नार्व्हन यांना दक्षिण आफ्रिकेतील ब्रिटिश वसाहती आणि बोअर राज्ये यांचा एक संघ करायचा होता. या कामात स्वतंत्र आणि शिस्तबद्ध सैन्य असलेले झुलू राज्य अडथळा आहे, असे फ्रियरचे मत झाले. झुलू राजा सेट्श्वायो याने ब्रिटिशांशी युद्ध पुकारलेले नव्हते. ट्रान्सवालच्या सरहद्दीवरून जुना वाद होता आणि त्यासाठी नेमलेल्या सरहद्द आयोगाने १८७८ मध्ये बराचसा कौल झुलूंच्या बाजूने दिला.

हा अहवाल फ्रियरने काही महिने हातात ठेवला. ११ डिसेंबर १८७८ रोजी तो झुलू प्रतिनिधींना ऐकवण्यात आला, आणि त्याच बैठकीत निर्वाणीचा खलिताही. सरहद्द ओलांडून गुन्हे केलेल्यांना स्वाधीन करा, गुरे दंड म्हणून द्या, ब्रिटिश रेसिडेंट ठेवून घ्या आणि तुमची लष्करी व्यवस्था मोडून टाका. या व्यवस्थेत तरुणांचे वयानुसार गट असत, आणि लग्न, श्रम, राजाशी नाते असे सगळे समाजजीवन तिच्यात गुंफलेले होते. ३० दिवसांत ती मोडणे कोणत्याही राजाला शक्य नव्हते. साताऱ्यात दत्तकाचा हक्क मानावा म्हणणारा आणि कायदे लोकांना मानवतात का हे विचारा म्हणणारा हाच तो माणूस.

लंडनला काय हवे होते? कार्नार्व्हन यांनी राजीनामा दिला होता. नवे वसाहतमंत्री हिक्स बीच यांनी फ्रियरला कळवले होते की अफगाणिस्तानात युद्ध चालू असताना झुलूंशी युद्ध नको. पण पत्र पोहोचायला वेळ लागे. १८६५ पासून लंडनची तार कराचीपर्यंत येत होती, १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईला जोडली गेली. दक्षिण आफ्रिकेला मात्र ती १८७९ च्या डिसेंबरापर्यंत नव्हती. संदेशाचा मोठा टप्पा जहाजाने जाई. खलित्याचा मजकूर लंडनला पोहोचला तेव्हा मुदत संपायला मोजके दिवस उरले होते. फ्रियरला हा वेळेचा हिशोब ठाऊक नव्हता असे मानता येत नाही.

११ जानेवारी १८७९ रोजी लॉर्ड चेल्म्सफर्डच्या फौजा झुलू प्रदेशात शिरल्या. २२ जानेवारीला इसांडल्वाना येथे झुलू सैन्याने ब्रिटिश छावणी नष्ट केली. ब्रिटिशांच्या बाजूचे १,३०० हून अधिक लोक मारले गेले. ही बातमी लंडनला ११ फेब्रुवारीला पोहोचली, म्हणजे २० दिवसांनी. सरकारने फ्रियरला जाहीर ठपका दिला, पण परत बोलावले नाही. जुलैमध्ये उलुंडी येथे झुलूंचा निर्णायक पराभव झाला. सेट्श्वायोला पकडून केपटाउनला नेले. राज्याचे १३ तुकडे केले गेले आणि पुढे तिथे यादवी माजली. युद्धात हजारो झुलू मेले. ज्या संघासाठी हे झाले, तो संघही झाला नाही. १८८० मध्ये केपच्या विधिमंडळात ती योजना बारगळली आणि ग्लॅडस्टनच्या नव्या सरकारने फ्रियरला परत बोलावले. २९ मे १८८४ रोजी तो वारला. सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्याचे दफन झाले.

९. मूल्यमापन

फ्रियर आफ्रिकेत जाऊन बदलला, असे उत्तर सोपे आहे. पण तीन प्रश्न पुन्हा लावून पाहा. सिंधमध्ये सत्ता मोठी होती, पण माहितीही जवळून येत होती. तो भाषा जाणणाऱ्यांबरोबर, वर्षानुवर्षे तिथे राहून काम करत होता. मुंबईत सत्ता मोठी, माहिती मुबलक, पण तेजीच्या आनंदात ‘नाही’ ऐकण्याची तयारी कमी. झुलू प्रदेशाबाबत सत्ता प्रचंड, माहिती मुख्यतः युद्ध हवे असलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांकडून आलेली, आणि ‘नाही’ म्हणणारे लंडन काही आठवड्यांच्या अंतरावर. उलट दिशेने माहिती देणारा एकच कागद होता, सरहद्द आयोगाचा अहवाल, आणि तो त्याने बाजूला ठेवला.

दुसरा मुद्दा बांधकामांचा. घाटातली रेल्वे, कालवे, महाविद्यालये खरी आहेत आणि आजही उपयोगी आहेत. त्यांचे श्रेय देताना पैसा शेतसाऱ्यातून आणि कापसातून आला, जीव मजुरांचे गेले, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे. गव्हर्नरची स्तुती किंवा निंदा करून हा हिशोब पुरा होत नाही. ज्यांच्यासाठी निर्णय घेतला, त्यांना तो घेणाऱ्याला थांबवता येत होते का, हे तपासावे लागते. फ्रियरच्या कारकिर्दीत एकाही ठिकाणी ते येत नव्हते. १८६० च्या टिपणात त्याने दाखवलेला दोष त्याच्या स्वतःच्या पदातच होता.

विचारासाठी प्रश्न

१. सातारा आणि झुलू प्रदेश या दोन प्रसंगांत फ्रियरच्या भूमिकेतील फरक त्याच्या अधिकारांच्या फरकाने कितपत समजावता येतो?
२. शेअर तारण ठेवून दिलेले कर्ज तेजीत सुरक्षित आणि मंदीत धोक्याचे का ठरते? आजच्या एखाद्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. १८७८ मध्ये केपटाउन ते लंडन तार असती, तर युद्ध टळले असते का? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद लिहा.
४. तुमच्या शहरातील किंवा जिल्ह्यातील एकोणिसाव्या शतकातील एखादा पूल, कालवा किंवा इमारत निवडा. पैसा कुठून आला, काम कोणी केले आणि निर्णय कोणी घेतला, हे शोधून एक पान लिहा.